वेचणीच्या दिवसांत लेकरू कुणापाशी?

आम्ही झरीच्या काही जणी आज तुमच्याशी बोलतोय. परभणी-जिंतूर रस्त्यावरचं आमचं गाव. आमच्यात कुणाला दोन एकर आहे, कुणाला पाच, कुणाला वावरच नाही. पण दसरा झाला की सगळ्याच पऱ्हाटीत. आधी घरचा कापूस, मग दुसऱ्याचा, ते संक्रांतीपर्यंत. आणि आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींच्या घरात पाच वर्षांच्या आतलं लेकरू आहे. तेव्हा त्या तीन-चार महिन्यांत लेकरू कुणापाशी राहतं, हेच आज बोलायचं ठरवलं.

वेचणीची मजुरी किलोवर असते, हे तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी काट्यावर जेवढं भरेल तेवढा पैसा. किलोला दहा रुपये धरा आणि आठ तासांत चाळीस किलो वेचणारी बाई धरा. तासाला पाच किलो झाले. लेकरू बांधावर झोळीत आहे, ते दिवसातून तीनदा रडलं, दर वेळी पाजायला, थोपटायला, धुवायला अर्धा तास गेला, तर साडेसात किलो कमी. म्हणजे पंचाहत्तर रुपये. लेकराच्या रडण्याची अशी किंमत आम्हाला रोज काट्यावर दिसते. निंदणीला रोज ठरलेला असतो, तिथं पाजायला उठलं तर मुकादम फार तर तोंड वाकडं करतो. वेचणीत तोंड वाकडं करायलाही कुणी लागत नाही, बाई स्वतःच उठत नाही. पदर ओला होतो, झोळीतून आवाज येतो, आणि ती म्हणते, ही तास संपू दे.

सहा-आठ महिन्यांचं लेकरू तरी बरं. आईच्या जवळ असतं, ठेवलं तिथं राहतं. तीन वर्षांच्या पुढचं अंगणवाडीत जातं, दुपारपर्यंतची तरी काळजी मिटते. अवघड वय मधलं, एक ते तीन. त्याला पाय फुटलेले असतात आणि समज नसते. दिसेल ते तोंडात घालायचं. वावरात बिनकठड्याची विहीर असते, फवाऱ्याचा पंप असतो, औषधाचा रिकामा डबा असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ती धडधाकट माणसं होती. दीड वर्षाच्या जिवाला त्या डब्याचं झाकण चाटणंही महागात पडेल. गावात ठेवावं, तर आमच्या गावातून मोठा रस्ता जातो, वाहनं थांबत नाहीत.

मग लेकरू कुणापाशी राहतं? आजी असली तर आजीपाशी. पण आमच्याकडच्या कितीतरी आज्या अजून स्वतःच वेचायला येतात. उरली थोरली बहीण. सात-आठ-नऊ वर्षांची पोरगी. आधी ती फक्त सोमवारी घरी राहते, मग आठवड्यात तीन दिवस, मग दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तरी तिची सुट्टी संपतच नाही. सहा ते चौदा वर्षांच्या लेकरांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पण शाळेत नाव आहे आणि पोरगी ओसरीवर भावाला कडेवर घेऊन बसली आहे, तर तो हक्क तिला कुठं मिळाला? आमच्या गटातली एक पोरगी तिसरीत होती. बेरजा, हातच्याच्या वजाबाक्या सगळं यायचं. त्या हंगामानंतर वर्गात भागाकार पुढं निघून गेले होते. तिच्या आईनं गटाच्या बैठकीत एवढंच विचारलं, "माझे किलो भरले, पण हिचे दिवस कोण भरून देणार?" हप्त्याचा विषय त्या दिवशी बाजूलाच राहिला.

कारखान्यात काम करणाऱ्या बायांसाठी सरकारनं याचा विचार फार आधी केला होता. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराचं कलम होतं, आणि १९७६ च्या दुरुस्तीनं तीसपेक्षा जास्त बाया कामाला असतील तिथं पाळणाघर हवं असं ठरलं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर आणखी सोपं होतं: कामावर बायांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं आली, तर त्यांच्यातल्याच एका बाईनं ती सांभाळायची आणि तिला बाकीच्यांएवढीच मजुरी द्यायची. आपल्याला त्यातली मजुरीची गोष्ट महत्त्वाची वाटली. लेकरं सांभाळणं हे खोदकामासारखंच काम आहे, असं तिथं कागदावर लिहिलेलं होतं. पण कुणाच्या खाजगी वावरात कापूस वेचणाऱ्या आठ बायांना यातलं काहीच लागू पडत नाही. वावराचा मालक बहुतेक आपल्यासारखाच, बँकेचा कर्जदार. त्याच्याकडं पाळणाघर कुठून मागणार?

थोरल्या बहिणीचा प्रश्नही नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं तुम्ही ऐकली असतील. १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. गरिबांच्या वस्तीतली लेकरं बालवाडीत येईनात, तेव्हा या बाया बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी म्हणतो ती तिथली. पुढं १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं. तिथं त्यांना दिसलं की मोठी पोरं शाळेत येत नाहीत, कारण धाकटं कडेवर आहे, नाहीतर गुरं राखायची आहेत. त्यांनी आईबापांना भाषण दिलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. बहिणीनं भावाला घेऊन यावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि स्वतः शेजारी वर्गात बसावं. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. शिकवायला शंख-शिंपले, पानं, बिया, खडे.

सरकारी अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ ला देशात तेहतीस ठिकाणी सुरू झाली आणि आज गावोगाव आहे. तिच्यामुळं वजन होतं, लसी होतात, खाऊ मिळतो. पण तीन वर्षांखालच्या लेकराला तिथं दिवसभर ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी नाही, त्याचा शिधा घरी येतो. ताराबाईंच्या आवारातली पाळणाघराची खोली आमच्यापर्यंत यायची राहिली. २०२२ पासून केंद्र सरकारच्या मिशन शक्तीमध्ये 'पाळणा' नावाची योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर, असं तिचं रूप आहे. तुमच्या भागात ती आली का, हे अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला जरूर विचारा. गटाच्या नावानं लेखी विचारलं तर बरं.

तोवर हंगाम थांबत नाही. म्हणून आम्ही सहा जणींनी पाळी लावली. रोज एकीनं घरी राहायचं, सहा घरांची एक ते तीन वयाची लेकरं एका ओसरीवर सांभाळायची, पाच जणींनी वेचायला जायचं. सोबत एक आजी. तिची कंबर वाकत नाही म्हणून ती वेचणीला येत नाही, पण तिची नजर अजून सगळ्यांत तेज आहे.

पैशावरून भांडण झालं, ते सांगायलाच हवं. पहिल्यांदा ठरलं की पाच जणींची मजुरी एकत्र करून तिचे सहा वाटे करायचे. साठ किलो वेचणारी म्हणाली, माझ्या हाताची चलाखी मी का वाटू? तिचंही खोटं नव्हतं. मग ठरलं की प्रत्येकीनं रोजचे साठ रुपये काढायचे, वेचणं कितीही होवो. पाच जणींचे तीनशे घरी राहणारीला. वेचून मिळाले असते त्यापेक्षा कमी, पण तिला आठवड्यातून एकदाच हे पडतं आणि बाकी पाच दिवस तिचे किलो पूर्ण भरतात. आजीला रोज पन्नास, ते गटाच्या दंड-व्याजाच्या पैशातून. एका बाईची दोन लेकरं आहेत, तिच्याकडून दुप्पट घ्यायचे का, हे आमचं अजून ठरलेलं नाही.

पैशापेक्षा अवघड निघालं ते खाणं. कुणाच्या दारात लेकरू ठेवायचं, कुणाच्या हातचं त्यानं खायचं, यावर घराघरांत कुजबूज झाली. गाव म्हटलं की हे असतं, ते झाकून काय उपयोग? आम्ही वाद घातला नाही. जिनं तिनं आपल्या लेकराचा डबा द्यायचा, असं ठरवलं. आठ-दहा दिवसांत डब्यांचं काय झालं ते लेकरांनाच ठाऊक. एकाला दुसऱ्याच्या डब्यातली भाकर गोड लागते, हे कुठल्या सासूला बदलता येणार?

डब्यात काय द्यायचं याचं मात्र आम्ही सगळ्या जणींनी एक केलं. वर्षाचं लेकरू आईच्या निम्मं खातं, आणि पोट लहान असल्यानं ते दिवसातून पाच वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. मुगाच्या वरणात कुस्करलेली भाकर, वर तेल किंवा तूप, दाण्याचं कूट, उकडलेलं बटाटं, असेल तर अंडं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके ओसरीवर आणायचेच नाहीत, श्वासनळीत अडकतात. बाटली नाही, वाटी-चमचा. बाटलीचं बूच धुवायला कुणाला वेळ आहे? अंगावर पिणाऱ्या लेकराला आईनं जाण्याआधी आणि आल्यावर पोटभर पाजायचं. पण आल्या आल्या नाही. पऱ्हाटीवरचं औषध हातापायांना, लुगड्याला लागलेलं असतं. आधी हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, मग लेकरू घ्यायचं. लेकरू हात पसरून धावत येतं आणि आपण त्याला "थांब" म्हणतो, त्या पाच मिनिटांएवढं जड दिवसात काही नसतं.

ओसरीवर एक डबा ठेवलाय. त्यात ओआरएसच्या पुड्या आणि एक लिटरची खूण केलेली बाटली. एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चोवीस तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं. हगवण लागली तर आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घ्यायच्या आणि हगवण थांबली तरी चौदा दिवस पुऱ्या करायच्या. तापाचं औषध मात्र कुणी दुसऱ्याच्या लेकराला आपल्या मनानं द्यायचं नाही, आईला फोन करायचा. भिंतीवर खडूनं १०८ लिहिलंय आणि सहा आयांचे नंबर. लसीकरणाचा दिवस असेल तर ज्या बाईची पाळी, तिनं कार्डं घेऊन जायचं. नऊ महिन्यांची गोवर-रुबेला आणि दीड वर्षाचा डोस वेचणीत हमखास राहतात, म्हणून हे.

बापांचं काय, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं. एक जण हसत म्हणाला, "लेकरू कडेवर घेऊन पारावर गेलो तर लोक काय म्हणतील?" त्याच्या बायकोनं उत्तर दिलं, "म्हणतील, याला लेकरू आहे." आता दोन बाप सकाळी लेकरं ओसरीवर आणून सोडतात. दोनच. संध्याकाळी न्यायला अजून बायाच येतात.

तिसरीतली ती पोरगी आता चौथीत आहे. हंगाम चालू आहे, आणि परवापर्यंत तिचा खाडा नव्हता. परवा तिच्या आईची पाळी होती आणि आजीला ताप होता, त्या दिवशी ती घरी राहिली. आजीच्या जागी बदली कोण, हा शुक्रवारच्या बैठकीतला पहिला विषय आहे. तुमच्या गावात कुणी असं काही केलं असेल, आणि दोन लेकरांच्या आईकडून किती घ्यायचे हे तुम्ही कसं सोडवलं, ते आम्हाला कळवा.