अधिकार एकाचा, जबाबदारी दुसऱ्याची

१९६७ मध्ये ब्रायन क्लफ हे डर्बी कौंटी या इंग्लिश फुटबॉल क्लबचे व्यवस्थापक झाले, तेव्हा तो दुसऱ्या श्रेणीत होता. १९७२ मध्ये तोच क्लब इंग्लंडचा विजेता ठरला. परंतु क्लफ वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवर परखड बोलत. अध्यक्ष सॅम लाँगसन यांना ते रुचेना. या बोलण्याला आवर घालण्याचा आग्रह वाढला आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये क्लफ व त्यांचे सहकारी पीटर टेलर यांनी राजीनामे दिले. त्यांना परत आणा, अशी लेखी मागणी खेळाडूंनी केली. प्रेक्षकांनी निषेधाची चळवळ उभारली. संचालक मंडळ बधले नाही.

क्लफही हेकट होते, हे मान्य केले पाहिजे. नव्या व्यवस्थापकाच्या हाताखाली डर्बीने १९७५ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळविले, हेही खरे. पण प्रश्न चषकांचा नाही. पराभवाची जबाबदारी व्यवस्थापकाची आणि अंतिम अधिकार मात्र भांडवलाचा, ही विषमता खेळातही कारखान्यासारखीच नांदते.

जर्मनीत १९९८ पासूनच्या नियमानुसार, मोजके अपवाद वगळता, मतांचे बहुमत क्लबच्या सभासदांच्या संस्थेकडेच राहते. व्यवस्थापक तेथेही बदलतात. पण जाब विचारायला सभासदांना सभा असते. डर्बीच्या खेळाडूंना आणि प्रेक्षकांना ती नव्हती.