विद्यावेतनासाठी दान



मी आयुष्यभर पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवलं. हुशार मुलं मेडिसिन-सर्जरीला जातात आणि उरलेली आमच्याकडे येतात, असा समज होता. तो मला तेव्हा लागायचा, आजही लागतो. दगडखाणीतल्या मजुराच्या फुप्फुसात बसलेली सिलिकाची धूळ कुठल्याही औषधानं निघत नाही. ती खाणीतच उडू न देणं एवढाच उपाय आहे. आणि हे शिकवणाऱ्या विभागात धूळ मोजायच्या यंत्राचे फिल्टर पेपर संपले, की नवे आणायला पैसे नसायचे.

एका कारखानदारांनी आम्हाला मोठी देणगी देऊ केली होती. अट एकच, कारखान्याशेजारच्या वस्तीत आम्ही करत होतो त्या पाहणीचा अहवाल आधी त्यांना दाखवायचा. आमच्या विभागप्रमुखांनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. पुढे दुसऱ्या दात्यांनी विनाअट पैसे दिले, पण सभागृहासाठी. सभागृह उभं राहिलं, संगमरवरी कोनशिला बसली. त्याच वर्षी विद्यावेतन थांबलं म्हणून आमची संशोधक विद्यार्थिनी सोडून गेली. वस्तीतल्या बायका तिच्याशी बोलायच्या. कुणाला रात्री खोकल्याची उबळ येते, कोण भट्टीपाशी बसतं, हे तिला तोंडपाठ होतं. ती गेली आणि पाहणी बंद पडली, ती पडलीच. या गोष्टीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

देणगीची प्रत्येक अट वाईटच असते असं नाही. परळचं सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या देणगीलाही अट होती: शिकवणारे पात्र भारतीयच हवेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत. परक्या राजवटीत, १९२६ च्या सुमारास, दाते इमारतीपलीकडे बघत होते. शिकवणार कोण, याची त्यांना काळजी होती.

आमच्या विषयाला तर माणसं वर्षानुवर्षं टिकावी लागतात. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांत आठ हजारांहून अधिक लोकांवर १४ ते १६ वर्षं लक्ष ठेवलं. तेव्हा कुठे १९९३ साली सांगता आलं, की हवेत सूक्ष्म कण जास्त तिथे मृत्यूही जास्त. दर मार्चला अनुदानाची वाट बघत असं काम होत नाही. आपल्याकडे अशा सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणते. मधल्या अंतरात आपल्या माणसांचं काय होतं, हे आपल्याच विद्यार्थ्यांनी मोजायला हवं.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काहीजण खूप कमावतील. द्याल तेव्हा एखाद्या मुलीच्या पूर्ण पीएचडीचं विद्यावेतन द्या, एखाद्या अध्यापकाचं पद कायम चालेल असा निधी द्या. आणि निष्कर्ष काय निघणार, हे विचारू नका. असा निधी या विद्यापीठात नाही. तो सुरू करावा, मुद्दलाला हात न लावता व्याजातून विद्यावेतन द्यावं, अशी विनंती मी आज लेखी केली आहे. सोबतचा पहिला धनादेश कुलसचिवांकडे दिला आहे.