यंत्र कुणाच्या नावावर?

(एका अभ्यासवर्गातल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी चहाच्या वेळी आपल्यातलाच एकजण म्हणाला, आशाबिशा हा पोट भरलेल्यांचा धंदा आहे, आपल्याला कुणी शिकवू नये. त्याचं अर्धं म्हणणं मला कबूल. टीव्हीवर टायवाला सांगत असतो, नवं तंत्रज्ञान आलं, देश सुसाट निघाला. आणि त्याच्याच छातीखालच्या पट्टीतून बातमी सरकत जाते, टाकीत गुदमरून तीन सफाई कामगार ठार. दोन्ही एकाच काचेवर. असला आशावाद आपण गटारातच टाकला पायजे. पण उरलेलं अर्धं मला कबूल नाही. त्यासाठीच इथं उभा राहिलोय.

माझा आजा गिरणीत त्रासनखात्यात होता. जन्म गेला तिथं. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला पाय ठेवू देत नसत. का? तर कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा श्वासानं ओढायचा. महाराचं तोंड लागलेला धोटा दुसरा साचेवाला कसा तोंडाला लावणार? बस्स. एवढ्याशा भोकानं हजारो घरांची भाकरी अडवली. लाल बावट्याखाली 'जगातल्या कामगारांनो' म्हणणारेही त्या भोकापाशी येऊन अडखळत होते. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवा, ही मागणी पुढाऱ्यांपुढे ठेवली तेव्हा कुठं तिची वाच्यता झाली.

आता गंमत ऐका. तोंड न लावता धागा ओवला जाईल असा धोटा अमेरिकेत 1890 च्या दशकातच निघाला होता. म्हंजे आजा जन्मायच्या आधी! आमच्या शेठजींना तो नको होता, कारण माणसाची फुप्फुसं लोखंडापेक्षा स्वस्त. एक सुटा भाग बदलला असता तर विटाळाचं ते निमित्त तरी संपलं असतं. जात संपली असती असं मी म्हणत नाही, तेवढा भोळा मी नाही. पण आजाचा पगार वाढला असता, आणि कदाचित बापाची शाळा सुटली नसती.

म्हणून यंत्राला शिव्या देणारे आपल्यात बसलेले दिसले की मला राग येतो. चरख्याचं गुणगान चालू होतं तेव्हा, 1945 च्या आपल्या पुस्तकात, बाबासाहेबांनी साफ सांगितलं की दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्र नसेल तर कष्टकऱ्याला फावला वेळ नाही, आणि फावला वेळ नाही तिथं माणूस बैलासारखा जगतो. हा माणूस नुसता लिहून थांबला नाही. 1942 ते 46 मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या धरणांची आणि विजेची आखणी त्याच खात्यातून झाली आणि कारखान्यातल्या आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणायचं बिलही त्यांनीच मांडलं. वीज आणि कामाचे तास, एकाच टेबलावर. आपण त्यांचा फोटो भिंतीवर लावला आणि ते टेबल विसरलो.

आता मॅनहोलकडे येऊ. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं हवा साफ आहे, आणि तो खाली उतरतो. मग त्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. सरकारनं 2024 साली संसदेत आकडा दिला, 2019 ते 2023 या पाच वर्षांत 377 मेले. त्याच वर्षी गटार-टाक्या साफ करणाऱ्या 38,000 कामगारांची नोंद बाहेर आली, त्यात शेकडा 69 अनुसूचित जातीचे. गटाराला जात कळते!

कायदा आहे ना? आहे. 1993 चा होता, मग 2013 चा आला, आणि लागू कुठल्या तारखेला झाला? 6 डिसेंबरला. पण त्यातली 'धोकादायक सफाई'ची व्याख्या वाचा. मालकानं संरक्षणाची साधनं न देता हातानं केलेली सफाई ती धोकादायक. म्हंजे हातमोजे आणि मास्क दिल्याचं कागदावर दाखवलं की माणूस खाली सोडायला वाट मोकळी. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं मेलेल्यामागे 10 लाख ठरवले, 2023 मध्ये 30 लाख केले. मेल्यावरचा भाव वाढला. व्याख्या तिथंच आहे.

आणि यंत्र? तेही आहे. केरळातल्या इंजिनिअर पोरांनी यंत्रमानव बनवला, 2018 पासून तिरुवनंतपुरमच्या मॅनहोलात तो उतरतो. त्याला हात आहे, कॅमेरा आहे, वर उभा राहून माणूस तो चालवतो. जो काल आत उतरत होता तोच आज पडद्यावर बघून काम करतो. अरुंद गल्लीत शिरणाऱ्या छोट्या जेटिंग गाड्याही आहेत. म्हणजे अडचण शोधाची नाही. 1928 लाही नव्हती.

अडचण आहे ती यंत्र कुणाच्या नावावर लागतं याची. कंत्राटदारानं यंत्र आणलं तर दहा माणसं घरी बसतात, आणि यंत्र बिघडलं की त्यातलाच एक पुन्हा खाली. दिल्लीत फेब्रुवारी 2019 मध्ये 200 यंत्रं रस्त्यावर आली तेव्हा निविदाच वेगळी लिहिली होती. गटारात मेलेल्यांचे वारस आणि मैला उपसणारे यांना प्राधान्य, बँकेचं कर्ज, आणि जल बोर्डाकडून कामाची हमी. जुळवाजुळवीत डिक्की होती. आता इथं काहीजण नाकं मुरडतील, की दलित भांडवलदार आमचे कोण? मुरडा. मलाही त्यांच्या कोटाबद्दल बोलायचंय, पण परत कधीतरी. ज्याचा बाप गटारात मेला तो पोरगा गाडीचा मालक होतो, ही गोष्ट मला नाक मुरडण्यासारखी वाटत नाही.

खोटं मात्र बोलणार नाही. दिल्लीत त्यानंतरही माणसं मेली, कारण खासगी इमारतींच्या टाक्यांपर्यंत ती निविदा पोचलीच नाही. आपल्याकडे गोवंडीत डिसेंबर 2019 मध्ये असंच झालं. खासगी सोसायटीची टाकी, तिघे गेले. त्यांच्या बायका हायकोर्टात गेल्या तेव्हा 2021 मध्ये दहा-दहा लाखांचा हुकूम झाला. त्या तिघी आपल्या मोर्चात नव्हत्या. आपण तेव्हा कुठल्या गटाचा झेंडा खरा यावर भांडत होतो.

2023 मध्ये केंद्रानं योजना आणली, यंत्रासाठी 5 लाखांपर्यंत अनुदान. नाव काय, तर 'नमस्ते'. नाव ठेवणाऱ्याच्या पाया पडावंसं वाटतं! पण पैसा खरा आहे, आणि तो कुणी मागितला नाही तर कंत्राटदाराचा मेहुणा आपल्याच कुणाचं तरी जातीचं सर्टिफिकेट भाड्यानं घेऊन उचलेल. तुम्ही बी. कॉम. झालात, डिप्लोमा केलात, आणि पाठीवर पिशवी लावून दुसऱ्याचं जेवण पोचवता. निविदा वाचता येणारी आपल्या घरातली पहिली पिढी तुमची आहे.

तर आज एवढंच करायचं. आपल्या वॉर्डात गटारसफाईचं कंत्राट कुणाला, यंत्रं किती, कुणाच्या नावावर, आणि खासगी सोसायट्यांच्या टाक्यांवर कोण लक्ष ठेवतं, हे विचारणारे माहिती अधिकाराचे अर्ज लिहून टेबलावर ठेवलेत. दहा रुपयांचा स्टँप ज्यानं त्यानं लावायचा. पेन एकच आहे, रांगेनं या.