पैसा किती आणि पैसा कधी

आज पदवी घेणाऱ्या मुला-मुलींनो,

तुमचे मनापासून अभिनंदन. पण तुमच्याआधी तुमच्या घरच्यांचे, कारण वित्तीय व्यवस्थापनाचे पहिले प्रात्यक्षिक त्यांनी केले आहे. कॉलेजचा प्रवेश जूनमध्ये आणि पेरणीही जूनमध्ये. फी, एसटीचा पास, वह्या-पुस्तके एका हाताने आणि बियाणे, खत दुसऱ्या हाताने. कापूस घरात यायला अजून पाच-सहा महिने. तरीही आपल्या जालना जिल्ह्यातल्या अंबडच्या, मंठ्याच्या, भोकरदनच्या, घनसावंगीच्या घरांनी दोन्ही निभावले. तुमच्या पुस्तकात याला रोख प्रवाहाचे नियोजन म्हणतात आणि त्यावर प्रश्न येतो. घरी त्याला कोणी गुण दिले नाहीत. आज ते तुम्ही द्या.

गेली काही वर्षे तुम्ही ताळेबंद जुळवलात, गुणोत्तरे काढलीत, खेळते भांडवल, घसारा, भविष्यातल्या रकमेचे आजचे मूल्य, सगळे शिकलात. यातले बरेचसे विसराल आणि लागेल तेव्हा पुन्हा पाहाल. एकच गोष्ट विसरू नका. पैसा किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. पैसा कधी, हे विचारायला शिकलेला माणूस म्हणजे वित्त शिकलेला माणूस.

हे समजून घ्यायला लांब जायला नको. जालन्याला बियाण्याची राजधानी म्हणतात. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या संशोधनाबद्दल पुष्कळ बोलले जाते. मी तुम्हाला त्या धंद्याची वही पाहायला सांगतो. या जूनमध्ये विकायचे बियाणे आधीच्या हंगामात शेतकऱ्याच्या रानात तयार करून घ्यावे लागते. त्याचे पैसे द्यायचे, प्रक्रिया करायची, उगवणक्षमता तपासायची, पिशव्या भरायच्या, दुकानदारापर्यंत माल पोचवायचा. एवढे सगळे खर्चून झाल्यावर आभाळाकडे पाहायचे. पाऊस लांबला तर शेतकरी पीक बदलतो आणि माल परत येतो. न विकलेली पोलादाची सळई पुढच्या महिन्यात विकता येते. बियाण्याला मुदत असते आणि ती संपली की त्याची किंमत धान्याइतकीच. विक्रीचे काही आठवडे आणि खर्चाचे सगळे वर्ष, हे अंतर ज्याला पेलता येते तोच या धंद्यात टिकतो.

आता औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यांकडे या. भंगार आणि स्पंज आयर्न भट्टीत वितळते, त्याचे बिलेट होतात, बिलेटची सळई होते. वीज हा इथला मोठा खर्च. दिवसातल्या कोणत्या तासाला विजेचा दर कमी, हे पाहून पाळ्या लावाव्या लागतात. भंगाराचे पैसे लगेच मोजायचे, वीजबिल महिन्याला भरायचे आणि सळई मात्र उधारीवर जाते. कागदावर नफा दिसत असताना पगाराच्या तारखेला खात्यात पैसे नसणे म्हणजे काय, हे या वसाहतीतला लेखापाल तुम्हाला नीट सांगेल. उधारीच्या या दुखण्यावर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात उपाय आहे. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. म्हणजे ‘कधी’ या प्रश्नावर देशाने कायदा केला आहे. तुमच्या वर्कशॉपवाल्या काकांना तो ठाऊक आहे का, हे मात्र तुम्हीच विचारायचे.

शेतीतही हाच हिशेब आहे. मोसंबीची बाग लावली की उत्पन्न धरायला चार-पाच वर्षे थांबावे लागते. त्या काळात पाणी, खत, मजुरी थांबत नाही. तुतीवर रेशीम करणारा शेतकरी मात्र वर्षातून अनेकदा कोष विकतो. पूर्वी ते कोष घेऊन त्याला कर्नाटकात रामनगरला जावे लागे. २०१८ मध्ये जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि पैसा घराजवळ आला. मोसंबी चांगली की रेशीम, याचे सरसकट उत्तर नाही. ज्या घराला दर दोन-तीन महिन्यांनी औषधाचा खर्च आहे त्याचे उत्तर वेगळे आणि ज्याला पाच वर्षे थांबता येते त्याचे वेगळे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण सांगत आलो. पगारदाराला ते ठीक. पण इथल्या शेतकऱ्याचे अंथरूण दिवाळीला लांब होते आणि जूनमध्ये आखूड. त्याला उपदेश नको, वर्षभराचे कोष्टक हवे.

ते नसले की काय होते? मार्चअखेर पीककर्ज भरायचे असते. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडले तर व्याज शून्यावर येते. पण नेमके मार्चमध्ये हातात काही नसते. मग नवं-जुनं करायला, म्हणजे जुने कर्ज भरून नवे घ्यायला, सावकाराकडून रक्कम उचलली जाते, शेकडा तीनने. शेकडा तीन हे ऐकायला किती लहान वाटते! तो दर महिन्याचा आहे. वर्षाचे झाले ३६ टक्के. व्याज थकून मुद्दलात मिळत गेले तर १ लाखाचे वर्षाअखेर १ लाख ४२ हजार ५७६ होतात आणि दोन वर्षांत दुपटीच्या पुढे जातात. हे गणित तुम्ही परीक्षेत सोडवले आहे. गावातल्या किती जणांना ते बसून सांगितले?

आपल्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. तुम्ही त्यांना घटनाकार म्हणून ओळखता. ते आधी वित्ताचे अभ्यासक होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा लंडनमधला प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्याही आधी, १९१८ मध्ये, त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. जमीन पुरेशी आहे की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, असे त्यांनी त्यात मांडले. तिला जोडलेले भांडवल, अवजारे, मजूर यांचे प्रमाण पाहिले पाहिजे आणि शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांनी उचलला पाहिजे. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला पोलादाच्या भट्ट्या असलेल्या जिल्ह्यात बसून हा निबंध वाचावा, अशी माझी तुम्हाला शिफारस आहे. एकर किती, हा प्रश्न त्यांना अपुरा वाटला. पैसा किती, हा तुम्हालाही अपुरा वाटावा.

आता थोडे कठोर बोलतो. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातल्या काही पतसंस्थांच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या. निवृत्त शिक्षक होते, भाजी विकणाऱ्या बाया होत्या, मुलीच्या लग्नाचे पैसे ठेवणारे बाप होते. जास्तीच्या व्याजाला ते भुलले, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, हा साधा फरक त्यांना आधी कोणी सांगितला होता? ‘महिन्याला दाम’ देणाऱ्या योजना आणि दाम दुप्पट करणारी नवी नाणी पुढेही येतील, आणि ती विकणारे तुमच्यासारखीच चुणचुणीत, पदवीधर मुले शोधतील. कमिशन चांगले असेल. जी योजना तुम्ही स्वतःच्या आजीला सांगणार नाही, ती दुसऱ्याच्या आजीला विकू नका.

आपल्याकडे वहीच्या दोन कथा आहेत. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या दप्तरात हिशेब लिहिणारे एकनाथ एका पैची चूक सापडेपर्यंत रात्रभर जागले, ही परंपरेने आलेली कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. कीर्तनकार पुढे परमार्थाकडे वळतात. आपण वाणिज्य शाखेचे, आपण त्या पैपाशी थांबू. चूक कोणाची हे न पाहता ती सापडेपर्यंत न उठणे, हाही धर्मच आहे. दुसरी कथा इतिहासातली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या कागदांवर अंगठे त्यांचे होते आणि मजकूर दुसऱ्याचा होता. वही लिहिणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, हे या दोन कथा एकत्र वाचल्या की कळते. उद्या साहेब म्हणतील, ही थकबाकी एवढ्यापुरती चालू खात्यात दाखव, हा साठा थोडा फुगव. पहिल्यांदा नाही म्हणणे सर्वांत स्वस्त पडते. पुढे प्रत्येक वेळी त्याची किंमत वाढत जाते.

तुमच्यापैकी काही बँकांच्या परीक्षा देतील, काही सीएच्या आर्टिकलशिपला बसतील, काही समृद्धी महामार्गाने किंवा वंदे भारतने मुंबई गाठतील. जरूर जा. पण जे इथे राहतील त्यांनी मागे राहिलो असे मानू नये. २००२ च्या कायदा दुरुस्तीनंतर शेतकऱ्यांना स्वतःच्या उत्पादक कंपन्या काढता येतात. अशा कंपनीला गोदाम मिळते, सभासद मिळतात. वेळेवर विवरणपत्र भरणारा, रोजची रोकड रोज लिहिणारा आणि संचालकांना ताळेबंद मराठीत समजावून सांगणारा माणूस मात्र शोधावा लागतो. बचत गटांनाही तोच हवा आहे. ती जागा तुमची आहे.

जाता जाता एक काम देतो. या महिन्यात एका घराचे, शक्यतो तुमच्या स्वतःच्या, बारा महिन्यांचे कोष्टक मांडा. कोणत्या महिन्यात किती येणार, कोणत्या महिन्यात किती जाणार, कोणता महिना कोरडा. कोरड्या महिन्याची तरतूद भरल्या महिन्यात कशी करायची ते वडिलांबरोबर आणि आईबरोबर बसून ठरवा. आईला विचारल्याशिवाय ते कोष्टक पुरे होणार नाही. मग शेजारच्या घराचे मांडा. सही करण्याआधी प्रत्येक कागद वाचा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

कामाला लागा.