दिवा अंगणात का गेला?

'पुट आउट द लॅम्प' असे सांगितले, तर एखादा मुलगा दिवा उचलून अंगणात नेऊन ठेवील. 'पुट' म्हणजे ठेव, 'आउट' म्हणजे बाहेर! त्याला हसू नका. शब्द त्याने बरोबरच लावले. पण खरा अर्थ आहे, दिवा मालव. तसेच 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणे, 'पुट ऑफ' म्हणजे काम पुढे ढकलणे. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? 'तो रागात बोलून गेला' म्हणतो, तेव्हा कोणी कुठे गेलेले नसते! म्हणून गुरुजी, ही जोडी फोडून शिकवू नका. एका वेळी एकच जोडी घ्या, वाक्यात बसवा, जमेल तिथे करून दाखवा. डोळ्यांदेखत मालवलेला दिवा मूल विसरत नाही.