तारेचा सांधा
(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे जो विषय मांडणार आहे, तो दिसावयास अगदी लहान आहे. विजेच्या दोन तारा एकमेकींस कशा जोडाव्या आणि त्या जोडावर डाख कसा द्यावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु आपल्या पुष्कळशा शाळा भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्यांच्या खोऱ्यांत आहेत. विद्यार्थ्यांच्या घरी ऊस आहे, विहिरीवर अथवा नदीवर मोटर आहे, आणि मोटरीपर्यंत गेलेल्या तारेस कोठे ना कोठे एखादा सांधा आहे. तो सांधा पुष्कळदा घाईघाईने, दातांनी आवरण सोलून आणि हाताने दोन पीळ देऊन केलेला असतो. मूल ते पाहते. आणि जे पाहते, तेच शिकते. म्हणून चांगला सांधा कसा असतो, हे त्याने एकदा तरी शाळेत पाहिले पाहिजे.

सैल सांध्यात दोष कोणता? दोन तारा आपणांस चिकटलेल्या दिसतात, पण प्रत्यक्षात त्या थोड्याच बिंदूंपाशी एकमेकींस टेकलेल्या असतात. त्यांवर हवेने काळपट थरही चढलेला असतो. विजेस त्या अरुंद वाटेने जावे लागते, तेथे विरोध होतो, आणि विरोध झाला की उष्णता निर्माण होते. समजा, सांध्याचा विरोध केवळ अर्धा ओहम आहे. साडेसात अश्वशक्तीची मोटर सुमारे १० अँपिअर प्रवाह घेते. प्रवाहाचा वर्ग गुणिले विरोध, म्हणजे १०० गुणिले अर्धा, अर्थात ५० वॅट उष्णता त्या चिमूटभर जागेत निर्माण होते. डाख देण्यासाठी आपण जे हत्यार वापरतो, ते सोल्डरिंग आयर्न केवळ २५ वॅटचे असते. म्हणजे वाईट सांधा हाच आपल्या शेतात, वाळलेल्या पाचटाशेजारी, आपण नकळत पेटवून ठेवलेला निखारा होय. हे गणित सातवीच्या मुलास सहज समजते, आणि एकदा समजले की तो विसरत नाही.

आता डाखाकडे वळू. ही विद्या आपणांस परकी नाही. दारोदार येणारा कल्हईवाला आता क्वचितच दिसतो. पण आपल्यांपैकी ज्येष्ठांनी त्याचे काम पाहिले आहे. तो प्रथम भांडे घासून स्वच्छ करी, मग भट्टीवर तापवी, नवसागर टाकी, आणि तापलेल्या भांड्यास कथील लावताच ते वितळून कापसाच्या बोळ्यामागोमाग पसरे. यात डाखकामाचे सारे शास्त्र आले: धातू स्वच्छ हवा, मळ जाळणारा पदार्थ हवा, आणि कथील वितळावे ते भांड्याच्या उष्णतेने.

मी स्वतः हे काम शिकू लागलो, तेव्हा नेमके हेच विसरलो होतो. आयर्नच्या टोकावर डाख वितळवून मी तो थंड तारेवर थेंबाथेंबाने सोडी, आणि तो अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळून जाई. जो थेंब राही, तो वरून सांध्यासारखा दिसे आणि बोट लागताच सुटे. आपल्या विद्यार्थ्यांचीही पहिली चूक हीच होईल. त्यांना एकच वाक्य सांगावे: डाख तापवू नये, तार तापवावी.

कृती अशी आहे. दोन्ही तारांचे आवरण सुमारे तीन सेंटिमीटर सोलावे. आतील तांब्याचे पदर तुटू देऊ नयेत. पदर काळवंडले असतील तर बारीक पॉलिशपेपरने उजळावेत आणि एकत्र पिळून घ्यावेत. सांधा झाकावयाची आकसणारी नळी असेल, तर ती याच वेळी एका तारेवर ओवून दूर सरकवून ठेवावी. मागाहून ती ओवता येत नाही. मग तारा फुलीसारख्या आडव्या ठेवून प्रत्येकीचे टोक दुसरीभोवती पाच-सहा वेळा घट्ट गुंडाळावे. आता दोन्हीकडून ओढून पाहावे. सांधा सरकला, तर पुन्हा करावा. सांध्याचे बळ पिळात असते. डाख त्या पिळास केवळ कायम करतो.

आयर्न तापले की त्याचे टोक ओल्या फडक्यावर पुसून त्यास थोडा डाख लावावा. ही आयर्नची कल्हईच होय. नंतर टोक सांध्याच्या खालून टेकवून काही क्षण थांबावे आणि डाखाची तार वरून सांध्यास लावावी. सांधा पुरेसा तापला असेल, तर डाख आपोआप पिळांत शिरतो. तेवढ्यावर थांबावे. प्रथम डाख दूर करावा, मग आयर्न, आणि डाख गोठेपर्यंत सांधा हलू देऊ नये. चांगला सांधा गुळगुळीत दिसतो आणि त्याखाली तारेच्या वळ्यांचा आकार ओळखू येतो. गोळा झाला असेल किंवा पृष्ठभाग रवाळ, फुटका दिसत असेल, तर सांधा पुन्हा तापवावा. शेवटी नळी अथवा विजेची चिकटपट्टी लावून उघडे तांबे पूर्ण झाकावे.

डाखाविषयी दोन शब्द. नेहमीच्या डाखात सुमारे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे असते. तो सुमारे १८३ अंश सेल्सिअसपासून वितळू लागतो; शुद्ध कथिलास मात्र २३२ अंश लागतात. शिसे बालकांच्या मेंदूस अपायकारक आहे. म्हणून शाळेत शिसेविरहित डाखच आणावा, जरी तो सुमारे २२७ अंशांवर वितळत असला तरी. नवसागर अथवा तेजाब विजेच्या तारांस लावू नये, कारण ते तांबे खातात. ज्या डाखाच्या पोटात राळ असते, तोच घ्यावा. राळेचा धूर डोळ्यांस व घशास झोंबतो. म्हणून काम व्हरांड्यात करावे आणि नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

आयर्नचे टोक ३०० अंशांहून अधिक तापते. ते विटेवर किंवा तारेच्या स्टँडवर ठेवावे, आणि सहावी-सातवीच्या मुलांनाही एका वेळी एकालाच, शिक्षकाच्या डोळ्यांसमोर हाताळू द्यावे. लहान वर्गांनी पीळ द्यावा. डाख शिक्षकाने द्यावा. चटका बसलाच, तर वीस मिनिटे थंड पाण्याखाली धरावे.

मुलांचे सारे प्रयोग दोन सेलांच्या तीन व्होल्टवरच व्हावेत. सेल, बॅटरीचा बल्ब आणि दोन तारा पुरेशा आहेत. प्रथम सैल सांधा करून बल्ब लुकलुकताना दाखवावा, मग पक्का सांधा करून स्थिर प्रकाश दाखवावा. त्याच वेळी निक्षून सांगावे की, हे शिकलो म्हणजे घरातील २३० व्होल्टच्या किंवा मोटरीच्या तारेस हात लावण्याचा परवाना मिळाला, असे नव्हे. सर्व्हिस वायर पुष्कळदा अॅल्युमिनियमची असते. तिला साधा डाख धरत नाही, आणि ती तांब्याशी पिळली तर सांधा गंजून सैल होतो. तेथे योग्य कनेक्टर आणि जाणता वायरमनच हवा. आपल्या विद्यार्थ्याने घरी जाऊन एवढेच म्हटले, “बाबा, हा सांधा तापतो आहे, वायरमनला बोलवा,” तर आपले शिकविणे सार्थकी लागले असे मी समजेन.

हाताने शिकण्याचा हा विचार आपल्या मातीतलाच आहे. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्यास नई तालीम मांडली. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला; त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच महाराष्ट्रातले. आणि १९८३ साली शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम स्थापन केला. मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रातील काम सोडून हा शास्त्रज्ञ खेड्यात येऊन राहिला, तो मुलांनी काम करता करता विज्ञान शिकावे म्हणून. २००३ साली ते निवर्तले. आश्रमाचे काम चालू आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्यांतील एक दिवस या सांध्यास द्यावा, अशी माझी आपणांस विनंती आहे.

त्यासाठी मोठी प्रयोगशाळा नको. एक आयर्न, थोडा डाख, जुन्या तारांचे तुकडे आणि सेल एवढे साहित्य एका पत्र्याच्या पेटीत मावते. मात्र वर्गात जाण्यापूर्वी आपण स्वतः दहा सांधे करून पाहावेत. पहिले पाच बिघडतील. ते फेकून न देता मुलांना दाखवावेत. आपल्या गुरुजींचाही सांधा प्रथम सुटला होता, हे पाहून त्यांचा हात धीट होईल.