तपासलेला पेपर मुलाला मिळू द्या



प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात अध्यक्षांनी बदल्या, अशैक्षणिक कामं आणि जुनी पेन्शन यांवर बोलावं असा प्रघात आहे. ते सगळं सकाळच्या सत्रात पोटभर झालं. जेवणानंतर तेच पुन्हा वाढलं तर मागच्या रांगा घोरू लागतील. म्हणून मी आज चाचणीच्या आठवड्याबद्दल बोलणार आहे. या विषयात शिक्षक आणि पालक दोघांचीही थोडी कानउघाडणी करता येते, आणि अध्यक्षाला तेवढीच एक सवलत असते.

हा आठवडा शाळेत कसा दिसतो, ते आधी सांगते. द्विशिक्षकी शाळा, एक गुरुजी तालुक्याला बैठकीला. पहिली ते चौथी एकाच खोलीत. बाई दुसरीला श्रुतलेखन घालताहेत आणि तिसरीतली दोन मुलं स्वतःचा पेपर सोडून तेच शब्द इमानदारीने लिहून काढताहेत. चौथीतली मुलगी हात वर करून विचारते, ‘बाई, योग्य पर्याय म्हणजे काय?’ तिला उत्तर येतंय, प्रश्नातली सूचना कळत नाहीये. घरी जिच्या कानावर गोरमाटी किंवा पावरी पडते, तिची अडचण याच्या दुप्पट. बाईंनी ती सूचना तिला समजावून सांगितली तर ती कॉपी होत नाही, हे मी इथे मुद्दाम मोठ्याने सांगते. सातआठ वर्षांच्या मुलाला सूचना समजावणं ही आपली नोकरी आहे.

आणि घरी? शहरातल्या पालकांच्या ग्रुपवर रात्री अकराला ‘उद्या धडा सहापर्यंत की सातपर्यंत?’ असे निरोप फिरतात. पेपर सुटला की फाटकापाशीच प्रश्नपत्रिका हातात घेऊन फेरतपासणी सुरू. ‘हे कसं काय चुकलं? काल तर पाठ होतं!’ पोराला भूक लागलेली असते. अहो, आधी त्याला घरी नेऊन जेवू घाला. दहीसाखर जरूर द्या, गोड लागते, पण दारातून निघताना ‘पैकीच्या पैकी आण हं’ हे शेपूट जोडू नका.

ज्या आईवडिलांना अक्षरओळख नाही, ते म्हणतात, आम्ही काय मदत करणार? मदत भरपूर आहे. त्या चार-पाच दिवसांत धाकट्याला सांभाळायला मुलीला घरी ठेवू नका. चैत्रात गावोगावच्या जत्रा आणि लग्नं असतात. मांडवात रात्र जागवून सकाळी पेपरला पाठवू नका. रात्री तिला धडा मोठ्याने वाचायला सांगा आणि नुसतं ऐका. अडखळली तर ते तुम्हालाही कळतं, त्याला शिकलेलं असावं लागत नाही.

मुळात या आठवड्याचा एवढा बाऊ कशाला? २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली-दुसरीला शंभरातले ७० गुण आकारिक मूल्यमापनाला दिले आणि ३० संकलितला. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. म्हणजे वर्गात रोज जे तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय होतात, त्यांतच अर्ध्याहून जास्त गुण आलेले असतात. हे पालकसभेत किती शाळांनी सांगितलं? आपण आकारिकच्या नोंदी एका बैठकीत, एकाच पेनाने भरत असू, तर पालकांनी त्यावर विश्वास तरी का ठेवावा, हाही प्रश्न आहेच.

आता माझं खरं म्हणणं. मुलाला आधार चाचणीच्या आठवड्यात लागतो त्याहून जास्त चाचणीनंतरच्या आठवड्यात लागतो, आणि आपल्या शाळांच्या वेळापत्रकात तो आठवडाच नाही. सहामाही संपली की दिवाळीची सुट्टी. वार्षिक संपली की १ मेचा निकाल आणि उन्हाळा. २०२५ च्या एप्रिलात पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ तारखांदरम्यान ठेवल्या गेल्या. उन्हाची ओरड झाली आणि ती रास्तच होती. पण शेवटचा पेपर आणि निकाल यांत पाच दिवस उरले, याचा अर्थ इतकाच की आपण गुण बेरजेला लावले, प्रगतिपत्रकं लिहिली आणि गठ्ठे कपाटात गेले. मुलाने आपला तपासलेला पेपर पाहिला का? कधी पाहणार?

तिसरीतल्या एका मुलाचं गणित घ्या. ५२ वजा २७. त्याने लिहिलं ३५. आपण फुली मारतो, शून्य गुण. त्याला जवळ बसवून ‘कसं केलंस रे?’ विचारलं तर तो सांगतो, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.’ पाहा, दोनातून सात जात नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक आहे. दोनातून पाच वजा करायचे नसतात, पाचातून दोन करायचे असतात, हा त्याचा अनुभव आहे आणि तोच त्याने इथे वापरला. त्याला फक्त एक दशक मोकळा करता येत नाही. काड्यांचा एक गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवायच्या, एवढं काम आहे. वीस मिनिटांचं. ते ऑक्टोबरात झालं नाही तर दिवाळीनंतर कुणाच्या लक्षात नसतं, आणि चौथीत तो तीन अंकी वजाबाकी त्याच रीतीने, तितक्याच आत्मविश्वासाने चुकवतो.

पाचवीचं तर आणखी गमतीचं. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. जो नापास होईल त्याला जादा मार्गदर्शन आणि दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा. म्हणजे चाचणीनंतर शिकवलं पाहिजे हे नियमालाही मान्य आहे, पण फक्त नापासाच्या बाबतीत, आणि तेही मे महिन्यात. काठावर पास झालेल्याची चूक तशीच पुढच्या वर्गात जाते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न वेगळा आणि जास्त कठीण. दसरा झाला की टोळ्या निघायला लागतात, कधी सहामाहीच्या आधीच. हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी जी मुलं राहतात ती वाचतात. बाकीची पाडव्याच्या सुमारास परत येतात आणि थेट वार्षिकला बसतात. ट्रॅक्टर हलण्याआधी त्या मुलाला वेगळं बसवून दहा मिनिटं तोंडी घ्या. त्याला काय येतं ते चार ओळींत त्याच्याच वहीत लिहून द्या. ती वही पुढच्या शाळेच्या कामी येईल न येईल, परत आल्यावर तुमच्या नक्की येईल.

सगळं शासनाच्या हातात आहे असं मी मानत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या समितीने सहामाही झाल्यावर एकच मागणी करावी: गुण नकोत, पेपर दाखवा. पालक आणि मूल शेजारी बसलेत, बाई एक चूक उलगडून सांगताहेत, हे दुपारच्या एका तासात होतं. काही शाळा ते करतातही, कुणाच्या परिपत्रकाची वाट न पाहता.

संयोजकांना माझी विनंती अशी की, ठरावांच्या मसुद्यात एक ओळ वाढवावी: सहामाही चाचणी दिवाळीच्या सुट्टीआधी किमान सहा कामाचे दिवस संपावी आणि ते दिवस पेपर परत देऊन उजळणी घेण्यासाठी राखावेत. वार्षिकलाही असेच दिवस मिळावेत म्हणून राज्याच्या वेळापत्रकात बदल मागावा. सूचक मी आहे. अनुमोदन एखाद्या पालकाने द्यावं, शिक्षकाने नव्हे. कुणी पुढे येतंय का?